खालच्या लीगमधला क्लब किती दिवस तग धरेल, हे कागदांवरून कसे ओळखायचे

16 सप्टेंबर 2020 रोजी लंडनच्या उच्च न्यायालयाने मॅक्लसफील्ड टाउन हा फुटबॉल क्लब गुंडाळण्याचा आदेश दिला. देणी होती 5 लाख पौंडांहून जास्त. प्रीमियर लीगमधल्या आघाडीच्या खेळाडूचा महिन्याचा पगारही याहून मोठा असतो. कोरोनाने क्लब बुडवला, असे तेव्हा सर्रास बोलले गेले. पण त्याच्या आदल्या वर्षी, नोव्हेंबर 2019 मध्ये, पगार थकल्यामुळे खेळाडूंनी एफए कपचा सामना खेळायला नकार दिला होता. तरुण पोरांचा संघ उतरवून क्लब किंग्स्टोनियनकडून 4-0 हरला होता. महासाथीने आधीच पोखरलेल्या खांबाला शेवटचा धक्का दिला, एवढेच.

इंग्लंडमधल्या लीग वन, लीग टू आणि नॅशनल लीग, म्हणजे तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या स्तराच्या क्लबांकडे बघताना एक गोष्ट पक्की धरावी लागते. क्लब तोट्यामुळे बंद पडत नाहीत, रोख संपली की पडतात. तोटा तर बहुतेकांना दरवर्षीच होतो. तो भरून काढतो एक माणूस, म्हणजे मालक. त्यामुळे खरा प्रश्न असा: मालकाने उद्या पदरमोड थांबवली, तर हा क्लब किती दिवस चालेल? याचे उत्तर बऱ्यापैकी अचूक काढता येते. त्यासाठी लागणारे बहुतेक कागद फुकट मिळतात आणि हिशेब बेरीज-वजाबाकीच्या पुढे जात नाही.

कागद कुठून आणायचे

ब्रिटनमधल्या प्रत्येक कंपनीची नोंद कंपनीज हाउसच्या संकेतस्थळावर असते. तिथे क्लबचे नाव टाका, पण पहिल्याच निकालावर थांबू नका. बऱ्याच क्लबांच्या दोन-तीन कंपन्या असतात: एक संघ चालवणारी, एक स्टेडियमची मालकी असलेली आणि एक या दोघींच्या वर बसलेली. संघ चालवणाऱ्या कंपनीच्या पानावर ‘लक्षणीय नियंत्रण असलेल्या व्यक्ती’ या सदरात वरच्या कंपनीचे नाव दिसते. तिथून वर चढत जा. साखळी परदेशातल्या एखाद्या कंपनीपाशी तुटत असेल आणि तिच्यामागे कोण आहे ते कळत नसेल, तर पहिली खूण इथेच करून ठेवा.

प्रत्येक कंपनीचे निदान तीन वर्षांचे ताळेबंद उतरवून घ्या. खाजगी कंपनीला वर्ष संपल्यापासून 9 महिन्यांत हिशेब दाखल करावा लागतो. बहुतेक क्लबांचे वर्ष 30 जूनला संपते, म्हणजे मुदत 31 मार्चची. ती जवळ आली की काही क्लब आपले हिशेबाचे वर्ष एका दिवसाने कमी करतात. 30 जूनचे 29 जून झाले की कायद्याने तीन महिने वाढवून मिळतात. एकदा घडले तर समजण्यासारखे आहे, अडचण कोणालाही येते. लागोपाठ दोन वर्षे तीच युक्ती दिसली, तर ऑडिटर सही करायला तयार नाही किंवा आकडे दाखवण्यासारखे नाहीत, असे धरून पुढे वाचावे.

भोक किती मोठे आहे

इथे बरेच जण अडखळतात. छोट्या कंपन्यांना नफा-तोटा पत्रक प्रसिद्ध न करण्याची सवलत आहे आणि खालच्या लीगमधले बरेच क्लब ती घेतात. हातात येतो तो फक्त ताळेबंद आणि काही टिपा. त्यावरूनही तोटा काढता येतो, कारण ताळेबंदाच्या तळाशी साठत आलेला नफा-तोटा लिहिलेला असतो. दोन वर्षांच्या त्या आकड्यांतला फरक म्हणजे मधल्या वर्षाचा तोटा. लाभांश दिला नसेल आणि मालमत्तेचे पुनर्मूल्यांकन त्यात मिसळले नसेल, तर हा आकडा चुकत नाही.

लीग टूमधला एक काल्पनिक क्लब घेऊ. संचित तोटा 62 लाख पौंडांवरून 80 लाखांवर गेला, म्हणजे वर्षाचा तोटा 18 लाख. आता हा पैसा आला कुठून ते शोधायचे. मालकाचे कर्ज 41 लाखांवरून 53 लाख झाले, म्हणजे 12 लाखांची भर. बँकेतली रोख 4 लाखांवरून 1 लाखावर उतरली, 3 लाख तिथून गेले. ‘कर आणि सामाजिक सुरक्षा’ या ओळीतले देणे अडीच लाखांवरून 6 लाखांवर चढले, म्हणजे साडेतीन लाख सरकारचे थकवून वापरले. एकूण साडेअठरा लाख. तोट्याच्या आकड्याशी हे जवळपास जुळते. वरचा फरक यंत्रसामग्री, घसारा अशा बाबींत जातो. दोन आकड्यांत फार तफावत आली, तर एखादी ओळ सुटली आहे. बहुधा नवे भागभांडवल किंवा दुसरे एखादे कर्ज.

साडेअठरा लाखांना 12 ने भागा. महिन्याला 1 लाख 54 हजार पौंडांचे भोक. बँकेत आहेत 1 लाख. मालक थांबला, तर हा क्लब सुमारे 20 दिवस चालेल.

तोच आकडा आणखी एका बाजूने पाहा. लीगमध्ये घरच्या मैदानावर 23 सामने होतात. साडेअठरा लाख भागिले 23 म्हणजे सामन्यामागे सुमारे 80 हजार पौंड. सरासरी 3 हजार प्रेक्षक येत असतील, तर प्रत्येकाने दर सामन्याला 27 पौंड जास्त द्यायला हवेत. वर तिकिटावर 20 टक्के व्हॅट असतो, म्हणजे 32 पौंड. ‘तिकीट थोडे महाग करा, लोक देतील’ असे कोणी सुचवले, तर हे गणित त्यांच्यासमोर ठेवावे.

2019-20 आणि 2020-21 या दोन वर्षांचे आकडे मात्र पाया म्हणून वापरू नका. 13 मार्च 2020 ला खेळ थांबला. लीग वन आणि लीग टूचे साखळी सामने पुन्हा सुरूच झाले नाहीत आणि सरासरी गुणांवर क्रम ठरला. पुढचा हंगाम जवळजवळ पूर्ण रिकाम्या स्टँडांसमोर गेला. गेटवरचे पैसे शून्य आणि त्या जागी 10 पौंडांचे ऑनलाइन प्रक्षेपण. दुसरीकडे सरकार पगाराचा 80 टक्क्यांपर्यंतचा भाग देत होते. डिसेंबर 2020 मध्ये प्रीमियर लीगने या दोन लीगांसाठी 5 कोटी पौंडांची मदत मंजूर केली. त्यातून लीग वनच्या क्लबला किमान 3 लाख 75 हजार आणि लीग टूच्या क्लबला किमान अडीच लाख मिळाले. व्हॅटचे हप्ते पुढे ढकलले गेले. त्यामुळे काही क्लबांचा तोटा त्या वर्षांत कमी दिसतो, तर काहींचा अचानक फुगतो, आणि दोन्ही चित्रे फसवी आहेत. 2018-19 शी 2021-22 नंतरची वर्षे जोडून पाहा. खर्च पूर्वीच्या पातळीला आला की तिच्याही पुढे गेला, आणि ढकललेली देणी कधी फिटली, ते त्यातून दिसते.

देणी: कोणाची, आणि किती घाईची

सगळी देणी सारखी नसतात. मालकाचे कर्ज डोंगराएवढे असले, तरी तो मागत नाही तोवर क्लबला त्याची झळ बसत नाही. करखात्याचे लाखभर पौंड मात्र गळ्याशी येऊ शकतात. पगारातून कापलेला आयकर पुढच्या महिन्याच्या 22 तारखेपर्यंत भरावा लागतो. रोख आटली की सगळ्यात आधी हाच हप्ता चुकतो, कारण पुरवठादार दारात येतो, खेळाडू सराव सोडतो, आणि कर अधिकारी फक्त पत्र पाठवतो. म्हणून ताळेबंदातली कराची ओळ ही क्लबची नाडी आहे. ती क्लबच्या महिन्याच्या कराच्या दीडपटीहून वर गेली, तर उसनवारी सुरू झाली आहे असे समजा.

1 डिसेंबर 2020 पासून यात मोठा फरक पडला. दिवाळखोरीत करखात्याला व्हॅट आणि पगारातून कापलेल्या कराच्या बाबतीत पुन्हा अग्रक्रम मिळाला. फुटबॉलच्या नियमांनुसार खेळाडूंचे पगार आणि दुसऱ्या क्लबांचे पैसे पूर्ण द्यावेच लागतात. या सगळ्यांनंतर गावातला छपाईवाला, खानावळवाला, रुग्णवाहिकेची संस्था यांच्या वाट्याला उरते ती कवडी. हे फार अन्यायाचे आहे आणि क्लबवर प्रेम करणाऱ्यांनी हे विसरू नये, कारण तीच माणसे अनेकदा स्टँडमध्ये शेजारी बसलेली असतात.

करखात्याने अवसायनाची, म्हणजे क्लब गुंडाळण्याची, याचिका केली, की ती ‘द गॅझेट’मध्ये जाहीर होते. हे राजपत्रही ऑनलाइन फुकट शोधता येते. तिथे कंपनीचे अधिकृत नाव टाका, क्लबचे टोपणनाव नको. जाहिरात छापली गेली की बँका खाते गोठवतात, कारण याचिकेनंतरचे व्यवहार न्यायालय रद्द ठरवू शकते. म्हणून सुनावणी दोन आठवड्यांवर असली, तरी क्लब त्याच दिवशी लंगडा होतो. पगारही न्यायालयाच्या परवानगीने काढावे लागतात.

‘आगाऊ मिळालेले उत्पन्न’ या ओळीकडेही लक्ष असू द्या. यात बहुतेक हंगामी पास असतात. वसंतात विकलेल्या पासांच्या पैशातून जूनचे पगार भागवणे ही खालच्या लीगची जुनी सवय. 2020 मध्ये तीच अंगाशी आली: पैसे घेतलेले, सामना नाही, आणि परत द्यायला रोख नाही. अनेक चाहत्यांनी परतावा सोडून दिला म्हणून कित्येक क्लब तरले. क्लब पुढच्या वर्षाचे पास फेब्रुवारीतच मोठ्या सवलतीत विकू लागला, किंवा दोन-तीन वर्षांचे एकदम विकू लागला, तर तो उद्याची भाकरी आज खातो आहे.

तारण आणि मैदान

कंपनीज हाउसवर ‘चार्जेस’ नावाचा वेगळा भाग आहे. कर्जासाठी काय गहाण ठेवले, ते तिथे कळते. प्रत्येक नोंदीची पीडीएफ उघडा आणि तीन गोष्टी टिपा: कर्ज देणारा कोण, गहाण काय आणि ते अजून बाकी आहे की फिटले. कर्ज देणारा मालकाचीच दुसरी कंपनी असेल, तर क्लब बुडाला तरी तारणामुळे मालक रांगेत पुढे उभा राहतो. गहाण म्हणून प्रक्षेपणाचे पुढचे हप्ते किंवा विकलेल्या खेळाडूची येणे रक्कम दिसली, तर पुढच्या हंगामाचे उत्पन्न आत्ताच खर्च झालेले आहे.

मग मैदान. भूमिनोंदणी कार्यालयाच्या संकेतस्थळावर थोडे शुल्क भरून मालकीचा उतारा मिळतो. मैदान क्लबच्या कंपनीच्या नावावर आहे का? नसेल, तर भाडेकरार किती वर्षांचा आणि क्लब व मैदान वेगवेगळे विकता येतात का? कॉव्हेंट्री सिटीने हायफील्ड रोड हे स्वतःचे मैदान विकले आणि नव्या स्टेडियममध्ये ते भाडेकरू झाले. स्टेडियमच्या मालकांशी झालेल्या वादांत 2013-14 चे घरचे सामने नॉर्थहॅम्प्टनमध्ये आणि 2019 पासून दोन हंगाम बर्मिंगहॅममध्ये खेळावे लागले. स्वतःच्या गावाबाहेर खेळणाऱ्या क्लबचे गेट, खानपान, जाहिरात, सगळेच आटते. मैदान विकून एका वर्षाचा ताळेबंद सुंदर दिसतो, पण भाडे मात्र कायमचे मागे लागते. एखाद्या वर्षी तोट्याऐवजी एकदम मोठा नफा दिसला, तर आधी मालमत्तेची ओळ घसरली का ते तपासा.

मैदान अजून क्लबकडे असेल, तर चाहत्यांनी लगेच करायचे एक काम आहे. स्थानिक परिषदेकडे ते ‘समुदायासाठी मोलाची मालमत्ता’ म्हणून नोंदवायला अर्ज करा. 2011 च्या लोकॅलिझम कायद्यात ही तरतूद आहे. स्थानिक 21 माणसांचा साधा गटही अर्ज करू शकतो. नोंद 5 वर्षे टिकते आणि विक्री निघाली तर समुदायाला बोली लावण्यासाठी 6 महिन्यांपर्यंत थांबवता येते. विक्री कायमची रोखण्याची ताकद त्यात नाही, पण रात्रीतून होणारे व्यवहार त्याने थांबतात. पाच वर्षांनी नूतनीकरण विसरले जाते. तारीख दोघा-तिघांच्या कॅलेंडरमध्ये लिहून ठेवा.

पगाराची मर्यादा का पुरत नाही

लीग वनमध्ये खेळाडूंवरचा खर्च उलाढालीच्या 60 टक्के आणि लीग टूमध्ये 50 टक्के, असा नियम बरीच वर्षे आहे. ऐकायला कडक वाटतो. पण मालकाने भागभांडवल किंवा देणगी म्हणून टाकलेला पैसाही उलाढालीत धरला जाई. म्हणजे मालक जितका ओतेल, तितके पगार वाढवायला मोकळीक, आणि त्याने हात आखडला की करार तसेच उरतात. ऑगस्ट 2020 मध्ये क्लबांनी थेट आकड्याची मर्यादा मंजूर केली: लीग वनला 25 लाख पौंड, लीग टूला 15 लाख. खेळाडूंच्या संघटनेने तिला आव्हान दिले आणि फेब्रुवारी 2021 मध्ये लवादाने ती रद्द केली.

बरी नावाच्या क्लबचे काय झाले ते इथे आठवावे. डिसेंबर 2018 मध्ये क्लब 1 पौंडाला विकला गेला. मे 2019 पर्यंत पगार थकलेले असतानाही संघ लीग टूमधून वर चढला, आणि 27 ऑगस्टला ईएफएलने (प्रीमियर लीगखालच्या तीन लीग चालवणाऱ्या संस्थेने) क्लबला बाहेर काढले. बढती मिळाली म्हणून हिशेब सुधारला असे कधीही समजू नका. वर चढताना बोनस द्यावे लागतात, करारांतले पगार आपोआप वाढतात, आणि जादा उत्पन्न पुढच्या हंगामात सावकाश येते.

उत्पन्नाच्या बाजूला फार वेळ घालवायची गरज नाही. 2024-25 पासूनचा स्काय या वाहिनीबरोबरचा प्रक्षेपणाचा करार 5 वर्षांत 93.5 कोटी पौंडांचा आहे. पण ईएफएलच्या वाटपात चॅम्पियनशिपला (दुसरा स्तर) 80 टक्के, लीग वनला 12 आणि लीग टूला 8 टक्के जातात. प्रत्येक लीगमध्ये क्लब 24च, म्हणजे लीग टूच्या क्लबला चॅम्पियनशिपवाल्याच्या दहावा हिस्सा. खेळाडू विकून आलेला पैसा अंदाजपत्रकात शून्य धरावा आणि आला तर राखीव ठेवावा. एक्सेटर सिटीने ऑली वॉटकिन्सला 2017 मध्ये ब्रेंटफर्डला दिले तेव्हा पुढच्या विक्रीतला हिस्सा करारात राखला होता. 2020 मध्ये तो ॲस्टन व्हिलाला गेला आणि महासाथीच्या ऐन भरात एक्सेटरला मोठी रक्कम मिळाली. प्रत्येक तरुण खेळाडूच्या करारात असे कलम आग्रहाने घालायला हवे. मिळाले तर बोनस.

चाहत्यांनी क्लब घ्यायचा असेल तर

संकट येण्याआधी समुदाय-हित संस्था नोंदवून ठेवा. नोंदणी वित्तीय आचार प्राधिकरणाकडे होते आणि एका सभासदाला एकच मत असते, मग त्याने 10 पौंड दिले असोत वा 10 हजार. फुटबॉल सपोर्टर्स असोसिएशन नमुना नियमावली देते. संकटात नोंदणी करायला बसलात, तर बोलीची मुदत निघून जाते.

मग दोन आकडे वेगळे मांडा: खरेदीची किंमत आणि पहिल्या वर्षाचे भोक. वरच्याच क्लबची किंमत 1 पौंड असली, तरी साडेअठरा लाखांचे भोक आणि 6 लाखांचे करदेणे धरून साडेचोवीस लाख लागतील. 2 हजार सभासदांनी महिन्याला 10 पौंड दिले, तर वर्षाचे होतात 2 लाख 40 हजार. उरलेले कुठून येणार? उत्तर कडू आहे: पगार कापावे लागतील, आणि कदाचित एक लीग खाली जावे लागेल. हे सभासदांना मतदानाआधीच स्पष्ट सांगायला हवे. पोर्ट्समथच्या चाहत्यांनी 2017 मध्ये आणि रेक्सहॅमच्या चाहत्यांनी 2020 मध्ये आपला क्लब विकायचे ठरवले. त्यामागे हेच गणित होते आणि त्यांना दोष देणे चूक आहे. एक्सेटर 2003 पासून चाहत्यांकडेच आहे. एएफसी विम्बल्डनच्या चाहत्यांनी 2020 मध्ये रोख्यांतून 50 लाखांहून जास्त पौंड उभे करून प्लो लेनवर घरचे मैदान बांधले. उत्पन्नाएवढाच खर्च, ही शिस्त पाळली तर हा मार्ग चालतो.

क्लब दिवाळखोरीत निघून प्रशासकाकडे गेला, तर लीगच्या तक्त्यात त्याचे 12 गुण कापले जातात. बाहेर पडताना बिनतारणी धनकोंना पौंडामागे 25 पेन्स लगेच किंवा 35 पेन्स तीन वर्षांत दिले नाहीत, तर आणखी 15 गुण. त्यामुळे बोलीत ही रक्कम आधीच धरा, नंतर शोधायला वेळ मिळत नाही.

21 जुलै 2025 रोजी फुटबॉल गव्हर्नन्स कायद्याला मंजुरी मिळाली. पहिल्या पाच स्तरांतले 116 क्लब स्वतंत्र नियामकाच्या परवान्याखाली येणार आहेत. क्लबला आर्थिक आराखडा द्यावा लागेल, मालकांची पारख होईल आणि मैदान विकायला मंजुरी लागेल. त्याच उन्हाळ्यात मोरकॅम्बचे पगार थकले, नॅशनल लीगने क्लबला निलंबित केले आणि ऑगस्टमध्ये नवे मालक आल्यावर तो वाचला. नियामक आला तरी कागद वाचण्याचे काम चाहत्यांनी सोडू नये. वर्षभरात ते असे वाटून घेता येते:

जुलैमध्ये पासांच्या विक्रीची घोषणा आणि जूनचे पगार वेळेवर झाले का ते विचारा. सप्टेंबर आणि फेब्रुवारीत, खेळाडूंच्या बाजाराची मुदत संपल्यावर, ईएफएलच्या निर्बंध-यादीत क्लबचे नाव आहे का ते बघा. करखात्याचे पैसे वर्षभरात एकूण 30 दिवस उशिरा गेले, तर पुढच्या तीन बाजारांत खेळाडूसाठी पैसे मोजता येत नाहीत. दर महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात गॅझेट आणि चार्जेसची पाने उघडा, त्याला दहा मिनिटे पुरतात. 31 मार्चला ताळेबंद उतरवा, भोकाचा आकडा नव्याने काढा, मागच्या वर्षीच्या शेजारी लिहा आणि क्लबच्या पुढच्या चाहता-बैठकीत तो मालकाला मोठ्याने वाचून दाखवा.